दिब्रुगड ते पोर्ट ब्लेअर विमानाने नक्की किती वेळ धरायचा?

मुलुंडकर:
नमस्कार मंडळी. माझी ताई आणि भावोजी दिब्रुगडजवळ चहाच्या मळ्यात राहतात, आई-बाबा सध्या तिच्याकडेच आहेत. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी अंदमानला भेटायचं ठरतंय, आम्ही मुंबईहून आणि ते चौघं तिथून. एका साइटवर दोन विमानतळांमधलं अंतर १,७८० किमी आणि वेळ पावणेतीन तास दाखवतायत, पण तिकीट बघायला गेलं की कुठे दहा तास, कुठे थेट दुसरा दिवस. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना ताटकळत ठेवायचं नाहीये. कोणी या बाजूला गेलंय का?

खिडकीची सीट:
ते पावणेतीन तास म्हणजे नुसतं गणित आहे हो. सरळ रेषेतलं अंतर घ्यायचं, ताशी आठशेने भागायचं आणि टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास वर टाकायचा. ती रेषा मणिपूरच्या आसपास देश सोडून म्यानमारवरून समुद्रात उतरते, तशी कुठलीही फ्लाइट जात नाही. सोयीचं पडतं कोलकात्यावरून. दिब्रुगड-कोलकाता साधारण ८५० किमी, दीड तास. कोलकाता-पोर्ट ब्लेअर १,३०० किमी, सव्वादोन तास. हवेत पावणेचार तास, बाकीचा वेळ कोलकात्यात बसून जातो.

ठाणे लोकल:
आणि ते बसणं का वाढतं ते पण बघा. पोर्ट ब्लेअरचा (आता श्री विजयपुरम) विमानतळ नौदलाच्या ताब्यातला, बहुतेक फ्लाइट्स सकाळी नाहीतर दुपारच्या आत. डिसेंबरात तिथे पाचलाच अंधारतं, दिब्रुगडला तर सव्वाचार-साडेचारला, कारण घड्याळ आपलं तेच पण सूर्य तिकडे बराच आधी उगवतो. मळ्यांमध्ये म्हणूनच तर बागान टाइम चालतो, आपल्यापेक्षा एक तास पुढे, तुमच्या ताईंना विचारा. त्यामुळे दिब्रुगडहून सकाळी निघून कोलकात्याला पोचेपर्यंत पुढची अंदमानची फ्लाइट बऱ्याचदा सुटलेली असते.

मुलुंडकर:
अच्छा, आता कळलं! मग भावोजी म्हणतायत दोन वेगळी तिकिटं काढू, स्वस्त पडतायत आणि मध्ये दोन तास मिळतायत, चालेल का?

खिडकीची सीट:
अजिबात नको. माझ्या मामेभावाने असंच केलं होतं, पहिलं विमान धुक्यात अडकलं, दुसरं निघून गेलं आणि दुसऱ्या कंपनीने सरळ हात वर केले, तिकिटाचे पैसे बुडाले ते बुडालेच. डिसेंबरात कोलकात्याला पहाटे धुकं असतं. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये दोन्ही फ्लाइट्स घ्या, म्हणजे पहिलं लेट झालं तर पुढची सोय करणं त्यांच्यावर येतं आणि बॅगाही थेट जातात.

ठाणे लोकल:
मी तर म्हणेन एका दिवसात करूच नका. दुपारी दिब्रुगडहून निघा, रात्री कोलकात्यात दमदमला एअरपोर्टजवळ हॉटेल घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळची अंदमान फ्लाइट. अगदी पहाटेची घेऊ नका, बाबांना तीनला उठवावं लागेल. मुक्काम मध्ये आला की तिकिटं वेगळी असली तरी चालतात. व्हीलचेअर मात्र दोन्ही बुकिंगवर वेगवेगळी मागावी लागेल.

मुलुंडकर:
हे पटलं. ताईला फोन करून आजच कोलकात्याचा मुक्काम धरूनच तारखा पक्क्या करतो. दमदमला जवळचं, लिफ्ट असलेलं हॉटेल कोणाला माहीत असेल तर नक्की सांगा.