मदत हवी आहे: कोलंबस डे की इंडिजिनस पीपल्स डे?

मंडळी, अमेरिकेतल्यांनी जरा मदत करा. लेक पाचवीत आहे, ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारच्या सुट्टीचं नाव कोलंबस डे ऐवजी इंडिजिनस पीपल्स डे (अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा दिवस) करावं का यावर तिला वर्गात बोलायचंय आणि फ्रिजवरच्या शाळेच्या कॅलेंडरवर एक नाव, बँकेच्या मेसेजमध्ये दुसरंच, त्यामुळे ती आधीच वैतागलीय. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने १९९२ लाच नाव बदललं, २०२१ ला बायडननी दोन्ही दिवसांची घोषणापत्रं काढली, एवढं सांगून झालं. पण कोलंबस इटालियन, म्हणून त्याचा दिवस जपणाऱ्या इथल्या इटालियन लोकांची बाजू कशी सांगू? १८९१ ला न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने ११ इटालियनांना मारलं आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांनी कोलंबसचा दिवस पाळायला सांगितला, हे दहा वर्षांच्या पोरीला कितपत सांगावं? वर तिचा प्रश्न, मग आपण कुठले इंडियन? (चूक कोलंबसची, निस्तरतोय आम्ही!) कोणी मुलांना समजावलंय का हे? गुरुवारपर्यंत हवंय.