मदत हवी आहे: कात्रणांच्या डिझाइनमधला जोड लपत नाही

कात्रीबाई:
पडद्याचं कापड छापून घ्यायचंय. कागद कापून, चिकटवून डिझाइन केलंय. लूसिएन डे यांचं १९५१ चं ‘कॅलिक्स’, माइया इसोला यांचं ‘किवेत’, त्या काळातल्या कापडांसारखं. एकच चौकोनी तुकडा कापडभर पुन्हा पुन्हा छापायचाय, पण तुकड्याशेजारी तुकडा ठेवला की जोड उघडा पडतो. चार रविवार यातच गेले. शुक्रवारी छापणाऱ्याकडे द्यायचंय. कॉम्प्युटरवर करा म्हणू नका, मला येत नाही.

रंगारी_जुना:
छपाई ठशांची, स्क्रीनची की डिजिटल? रंग किती? तुकडा केवढा? काहीच न सांगता काय सांगणार?

अमोघ७७:
इलस्ट्रेटरमध्ये पॅटर्न टूल आहे. दोन मिनिटांचं काम.

कात्रीबाई:
अमोघ, शेवटचं वाक्य वाचा. रंगारी, स्क्रीन, दोन रंग, १८ बाय १८ इंच. कागद घोटीव, शाळेत हस्तकलेला लागायचा तो.

मोगरा:
घोटीव नको, फोटोत चमकतो. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस आधी कागदाला गुआश (अपारदर्शक जलरंग) फासून घ्यायचा आणि मग कापायचा. मीही पोस्टर कलर फासून घेते. आणि जोडबीड विसरा हो, त्याची १९४६ ची ‘ओसेआनी’ बघा. लिननवर छापलेली, किती मोकळी!

रंगारी_जुना:
मोगराताई, ओसेआनीत जोड येतोच कुठे? ते भिंतीवरचे फलक. लंडनच्या झिका अॅशरनी प्रत्येकाच्या ३० प्रती छापल्या, संपलं. ‘किवेत’वरचे दगडांचे आकार (१९५६) कागदातून कात्रीनेच कापलेले, पण ते कापडभर पुन्हा पुन्हा येतात. इथे तसंच हवंय. आणि चमक कसली? स्क्रीनला प्रत्येक रंगाचं वेगळं काळं पॉझिटिव्ह (पारदर्शक फिल्मवर काळ्यात काढलेलं चित्र) लागतं. कागद सोनेरी असला तरी फरक पडत नाही.

कात्रीबाई, चौकोनाचे चार सारखे भाग कापा आणि तिरप्या कोपऱ्यांची अदलाबदल करा. बाहेरच्या कडा मध्ये येतील, जोड अधिकचिन्हासारखा समोर दिसेल. त्यावर नवे आकार ठेवून तो झाका. आता बाहेर गेलेल्या कडांना मात्र हात लावायचा नाही.

कात्रीबाई:
कापू कसं? सगळं फेविकॉलने पक्कं चिकटवलंय!

रंगारी_जुना:
मग झेरॉक्स कापा. बिल्डिंगचे नकाशे काढतात त्या दुकानात एवढी मोठी होते.

सुलभा_वि:
अस्तर लावणार ना? पश्चिमेच्या खिडकीत रंग दोन उन्हाळ्यांत उडतो. आमच्याकडे हिरव्याचा राखाडी झाला.

मोगरा:
मी सौंदर्याबद्दल बोलत होते. असो.

कात्रीबाई:
केलं! जोड गेला. पण दारातून बघितलं की तिरपी पांढरी गल्ली दिसते.

रंगारी_जुना:
ती जोडाची नाही, मोकळ्या जागेची. नऊ झेरॉक्स भिंतीवर तीन-तीनच्या ओळीत लावा, दहा फुटांवरून डोळे बारीक करून बघा. गल्ली जिथे सर्वांत रुंद दिसेल तिथे एक छोटा आकार टाका. मधोमध नको, जरा बाजूला.
कापडाचा पन्हा किती?

कात्रीबाई:
४४ इंच. का?

रंगारी_जुना:
हे आधी सांगायचं. अठराचे दोन तुकडे बसून आठ इंच उरतात, तिसरा अर्धासुद्धा बसत नाही. काठ सोडून ४२ धरा, तुकडा २१ चा हवा. शेवटची झेरॉक्स ११७ टक्के मोठी काढा.

अमोघ७७:
इलस्ट्रेटरमध्ये हे एका क्लिकवर…

कात्रीबाई:
नकाशेवाला आठला बंद करतो. निघाले.