व्हिलन जिंकावा असं का वाटतं? सोसायटी ग्रुपवरची एक चर्चा

वसंतकाका (ए-२०३): सर्वांना नमस्कार. शंका ग्रुपवर विचारण्याजोगी आहे की नाही माहीत नाही, तरी विचारतो. हल्लीच्या मुलांच्या डीपीवर नायकाऐवजी खलनायक का असतो? काल आमच्या घरी सगळी पोरं सिनेमा बघत होती. नायकाने मार खाल्ला की टाळ्या, व्हिलन आला की शिट्ट्या. हे काय चाललंय?

प्रशांत (सी-६०४): नायक कोण होता त्यावर आहे काका 😄

ओवी (बी-५०२): काका, त्या पोरांत मी पण होते. सॉरी. पण तो नायक खरंच बोअर होता हो. अर्धा सिनेमा नुसता ‘मी आता लढणार नाही’ म्हणत खिडकीबाहेर बघत बसला. व्हिलनकडे निदान प्लॅन होता.

वसंतकाका: अगं, अख्खं शहर उडवायचा प्लॅन!

ओवी: प्लॅन तो प्लॅन.

मंदाआजी (ए-१०१): वसंता, ‘हल्लीच्या’ मुलांवर कशाला ढकलतोस? ‘तो मी नव्हेच’ला आपण काय करत होतो? लखोबा लोखंडे एकामागून एक बायकांना लग्न करून फसवतो, आणि कोर्टात उभा राहून साळसूद चेहऱ्याने सगळं नाकारतो. नाट्यगृह डोक्यावर घ्यायचे लोक. १९६२ सालचं नाटक. तेव्हा डीपी नव्हते म्हणून, नाहीतर तुझाही लखोबाचाच असता.

वसंतकाका: मंदाताई, ते वेगळं. ती टाळी प्रभाकर पणशीकरांना होती. एका माणसाने पाच भूमिका करायच्या, रंगमंच फिरून येईपर्यंत वेश बदलायचा, बोली बदलायची. टाळी लखोबाला नव्हती, कसबाला होती.

मंदाआजी: कसबाला होतीच. पण खरं सांग, एखादी फसलेली बाई साक्षीला उभी राहिली की तुला काय वाटायचं, आता हा सापडावा? मला तर वाटायचं, बघू या आता हा यातून कसा निसटतो.

वसंतकाका: 🙂

निखिल (बी-३०१): आजींनी नेमकं बोट ठेवलं. ‘कसा निसटतो’ हीच खरी ग्यानबाची मेख. माझं काम एडिटिंगचं आहे, त्यामुळे मला हे रोज टेबलावर दिसतं. हिचकॉकचा ‘सायको’ घ्या, १९६०चा. बाथरूममध्ये खून होतो. त्यानंतर मोटेल चालवणारा नॉर्मन बेट्स ती जागा साफ करतो. बादली, मॉप, शॉवरच्या पडद्यात गुंडाळलेलं प्रेत, मग गाडीची डिकी. कुठेही घाई नाही, कॅमेरा सगळं काम शांतपणे दाखवतो. मग तो गाडी दलदलीत ढकलतो आणि काठावर काहीतरी चघळत उभा राहतो. गाडी बुडत जाते आणि मध्येच अडकते. अर्धी बाहेर. नॉर्मन इकडेतिकडे बघतो. त्या दोन-चार सेकंदांत थिएटरमधला प्रत्येक माणूस मनात म्हणत असतो, बुड बाई बुड! आणि डिकीत कोण आहे? जिच्यासोबत आपण आतापर्यंतचा सिनेमा काढला ती नायिका.

ओवी: थँक्यू दादा, स्पॉइलर दिल्याबद्दल.

प्रशांत: साठ वर्षं उलटली की स्पॉइलर माफ असतो.

सुजाता (सी-१०२): निखिल, प्रसंग जबरदस्तच आहे, पण थोडी गल्लत होतेय. त्या क्षणी प्रेक्षकाला वाटत असतं की नॉर्मन बिचारा आईचं पाप झाकतोय. तो खुनी आहे हे तेव्हा आपल्याला ठाऊकच नसतं.

निखिल: मान्य. पण प्रेत लपवणं हा गुन्हा आहे एवढं तर ठाऊक असतं ना ताई? तरी आपण गाडी बुडायची वाट बघतो. माझं म्हणणं एवढंच, की डोळ्यांसमोर कोणीतरी कामाला लागलेलं असलं की ते काम तडीस जावं असं आपल्याला वाटायला लागतं. काम चांगलं की वाईट हा विचार मागाहून येतो. तिजोरी फोडणारा दाखवा, तुरुंगात भुयार खणणारा दाखवा, प्रेक्षक त्याच्या बाजूला जाऊन बसतो. आणि बहुतेक गोष्टींत काम असतं कोणाकडे? व्हिलनकडे. त्याला काहीतरी हवं असतं म्हणून तर गोष्ट सुरू होते. नायक म्हणजे नुसता त्याला अडवायला येणारा. ओवी बोअर म्हणाली त्याचं कारण हेच.

प्रशांत: तरीच. गब्बरचे संवाद लहान पोरांनाही पाठ, ठाकूरचे किती जणांना येतात?

वसंतकाका: ‘शोले’च्या संवादांची रेकॉर्ड निघाली होती. आमच्या घरी होती ती. घासून घासून खराब झाली.

सुजाता: पण काका, गब्बरचे संवाद तोंडपाठ असणं आणि गब्बर जिंकावा असं वाटणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अहमद आठवतोय? सचिनने केलेला. घोडा त्याचं प्रेत घेऊन गावात येतो आणि आंधळे इमामसाहेब विचारत राहतात की सगळे एवढे गप्प का. त्यानंतर गब्बर सुटावा असं म्हणणारा एक माणूस दाखवा मला. आपण व्हिलनच्या बाजूने असतो ते त्याचा बळी निनावी असेपर्यंत. ओवी, कालच्या सिनेमात शहर उडणार होतं, म्हणजे नेमकं कोण मरणार होतं?

ओवी: अं... इमारती? लांबून दिसत होत्या.

सुजाता: तेच म्हणतेय मी. शेक्सपिअरला हे चांगलं कळत होतं. त्याचा तिसरा रिचर्ड नाटकाच्या पहिल्याच क्षणी एकटा पुढे येतो आणि आपल्याला सांगून टाकतो, मी खलपुरुष व्हायचं ठरवलंय. रंगमंचावर बाकी कोणाला पत्ता नाही, फक्त आपल्याला. म्हणजे आपण कटात सामील. मग तो एकेकाला गंडवत जातो आणि आपल्याला मजा वाटत राहते. राजा झाल्यावर मात्र तो टॉवरमध्ये ठेवलेल्या दोन लहान पुतण्यांना मारवतो. तो खून रंगमंचावर दाखवलेलाच नाही. तो घडवून आणणारा माणूस येऊन सांगतो, की मी पाठवलेले निर्ढावलेले मारेकरीसुद्धा त्या मुलांची हकीकत सांगताना रडले. तिथून पुढे रिचर्ड आपल्याशी पूर्वीसारखा गुजगोष्टी करत नाही, आणि आपल्यालाही त्या नकोशा झालेल्या असतात.

मंदाआजी: म्हणजे बळीला चेहरा दिला की खेळ खलास.

निखिल: पण ताई, ‘सायको’मधल्या बळीला चेहरा होताच की. आणि लखोबाच्या नाटकात तर फसलेल्या बायका समोर उभ्या राहून बोलतात.

सुजाता: हं. लखोबाचं थोडं काकांनी म्हटलं तसंच आहे. तिथे आपण नटाचं कौशल्य बघत असतो, ते थांबू नये असं वाटतं. ‘सायको’चं उत्तर मला अजून नीट देता येत नाहीये. थांब जरा, कुकर लावून येते.

प्रशांत: तोवर माझे दोन शब्द. तुम्ही सगळे कॅमेरा आणि रंगमंच यांतच अडकलात. लोकांना व्हिलन आवडतो कारण तो खरं बोलतो. व्यवस्था सडलीय, बडे लोक लुटतायत, नियम फक्त गरिबाला. हे सिनेमात बोलतो कोण? व्हिलन. नायक काय म्हणतो? ‘पण हा मार्ग चुकीचा आहे.’ मग बरोबर मार्ग सांग की बाबा! तो कधीच सांगत नाही. व्हिलन हरला की सगळं पहिल्यासारखं, आणि वर यालाच सुखान्त म्हणायचं. लेखकालाही कळलेलं असतं की व्हिलनचा मुद्दा पटण्याजोगा झालाय. म्हणून मध्यंतरानंतर त्याच्या हातून उगाच एखाद्या निरपराध माणसाला मारवतात. का? तर आपण भानावर यावं म्हणून.

ओवी: प्रशांतकाका, हे शंभर टक्के!! दरवेळी हेच करतात.

निखिल: अमेरिकेत तर हे नियमच करून लिहिलं होतं. तिथल्या चित्रपट उद्योगाने १९३० साली एक आचारसंहिता केली आणि १९३४पासून ती कडकपणे लावली. हेज कोड म्हणतात तिला. प्रेक्षकांची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूला कधीही जाता कामा नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. १९३४च्या आधीच्या दोन-चार वर्षांत गँगस्टरपट तुफान चालले होते, त्या धास्तीने हा कडकपणा आला. १९६८पर्यंत कागदोपत्री हा कोड होता. मग निर्मात्यांनी पळवाट काढली. गुंड दीड तास ऐटीत जगणार आणि शेवटच्या दहा मिनिटांत गोळी खाऊन मरणार. नियम पाळला गेला, आणि तिकीट ज्यासाठी काढलं होतं तेही मिळालं.

वसंतकाका: म्हणजे माझी काळजी नवी नाही, एवढं तरी सिद्ध झालं. पण कोणी त्यावर बोलेल का? मुलांना हे आवडतं याचा अर्थ काय घ्यायचा? उद्या ती तशी वागली तर?

ओवी: काका, यावर २०२० साली सायकॉलॉजिकल सायन्समध्ये एक पेपर आला होता, आम्हाला कॉलेजात वाचायला दिला होता. लोकांना कोणती पात्रं आवडतात आणि त्यांचा स्वतःचा स्वभाव कसा आहे, याची एका वेबसाइटवरची माहिती घेऊन तपासलं होतं. निघालं असं, की माणसाला आपल्याशी साम्य असलेला व्हिलन जास्त ओढून घेतो. प्रत्यक्षात एखादा दुष्ट माणूस ‘अगदी तुझ्यासारखा’ म्हटलं की आपण चार हात लांब पळतो. गोष्टीत मात्र तो धोका वाटत नाही, म्हणून त्याच्यातलं स्वतःचं रूप निवांत बघता येतं. म्हणजे मला तो व्हिलन आवडला तर मला शहर उडवायचंय असं नाही. मलाही सगळ्यांसमोर ‘तुम्ही मूर्ख आहात’ म्हणावंसं वाटतं, एवढंच.

वसंतकाका: कोणाला?

ओवी: जाऊ दे काका.

अ‍ॅडमिन (बी-७०१): चर्चा छान चालू आहे, पण कृपया वैयक्तिक पातळीवर नको.

प्रशांत: अ‍ॅडमिन आले. आता बघा, आपण सगळे कोणाच्या बाजूने आहोत ते 😄

सुजाता: आले. निखिल, उत्तर सापडलंय बहुतेक. मरे स्मिथ नावाच्या अभ्यासकाने १९९५च्या पुस्तकात एक भेद केलाय. गोष्टीत आपण कोणाच्या सोबत चालतो हे वेगळं, आणि मनाने कोणाची बाजू घेतो हे वेगळं. ‘सायको’त नायिका मरते आणि आपल्याला सोबत चालायला माणूसच उरत नाही. पडद्यावर नॉर्मनशिवाय कोणी नाही, म्हणून आपण त्याच्यासोबत निघतो. ती गाडी बुडावी असं वाटणं ही सोबत झाली. निष्ठा म्हणावी इतकं ते खोल गेलेलं नसतं.

निखिल: हे पटलं. पण सोबत पुरेशी लांबवली की तिचीच निष्ठा होते, हेही तेवढंच खरं. आमचा सगळा धंदा त्यावर चालतो.

मंदाआजी: कर्णाचं काय झालं मग? भरसभेत द्रौपदीला नको ते बोलला तो. दुर्योधनाच्या प्रत्येक कटात पाठीशी उभा. पण कर्ण खलनायक आहे असं मराठी माणसासमोर म्हणून तर बघा! १९६७ला ‘मृत्युंजय’ आली आणि घराघरात माणसं कर्णासाठी रडली. त्यात मीही आले.

वसंतकाका: कर्ण खलनायक नाहीच मुळी. त्याच्यावर जन्मापासून अन्याय झाला.

मंदाआजी: अन्याय झाला हे खरंच. पण तो तुला इतका आतून कळला कसा? कर्ण स्वतः सांगतो म्हणून. महाभारत तेच, घटना त्याच, फक्त सांगणारा बदलला.

सुजाता: आजी, भासाच्या नावावरचं ‘ऊरुभंग’ हे संस्कृत नाटक तर याच्याही पुढे जातं. तिथे थेट दुर्योधन. मांड्या मोडलेल्या, जमिनीवर सरपटत येतो. आणि त्याचा लहान मुलगा दुर्जय नेहमीच्या सवयीने बापाच्या मांडीवर बसायला धावतो. बाप म्हणतो, बसू नकोस. बास, एवढंच. कोण कौरव, कोण पांडव, काही आठवत नाही त्या क्षणी. मांडी फोडण्याची प्रतिज्ञा ज्या प्रसंगामुळे झाली तोही नाही आठवत. त्याने द्रौपदीला हीच मांडी दाखवली होती.

ओवी: बाप रे.

प्रशांत: लेखक लोक डेंजर असतात.

वसंतकाका: बरं, हे सगळं ठीक. मग चांगला माणूस लिहिताच येत नाही का कोणाला? सगळी जादू वाईटाकडेच?

निखिल: येतो की काका. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००३ साली नायक-खलनायकांची यादी केली होती. खलनायकांत पहिला ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मधला हॅनिबल लेक्टर, नरभक्षक. नायकांत पहिला कोण? ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधला अ‍ॅटिकस फिंच. मारामारी नाही, चष्मा लावलेला, मध्यमवयीन वकील. पण समोर खटला आहे, गाव विरोधात आहे, घरात दोन लहान मुलं आहेत. त्याच्याकडे काम आहे आणि गमावण्यासारखं पुष्कळ आहे. व्हिलनला एक सवलत मिळते ती नायकाला नसते. लेक्टर अख्ख्या सिनेमात वीस मिनिटंसुद्धा दिसत नाही, आणि अँथनी हॉपकिन्सला प्रमुख भूमिकेचं ऑस्कर मिळालं. थोडाच दिसतो, म्हणून प्रत्येक वेळी वजनदार दिसतो. नायकाला बिचाऱ्याला दोन तास पडद्यावर काढायचे असतात.

ओवी: आजी, एक विचारू? ‘मृत्युंजय’ कर्ण एकटाच सांगतो का?

मंदाआजी: नाही गं. कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण, कर्णाची बायको वृषाली आणि शेवटी श्रीकृष्ण.

ओवी: आणि द्रौपदी?

मंदाआजी: तिचं प्रकरण नाही.

ओवी: मग सुजाताताईंचा मुद्दाच बरोबर ना? तिला बोलू दिलं असतं तर आपण कर्णासाठी एवढं रडलो असतो का?

वसंतकाका: रडलोच असतो. माणूस मोठा होता.

सुजाता: मला नाही वाटत काका.

मंदाआजी: मलाही आता खात्री नाही. ओवी, पुस्तक वाचायला हवं असेल तर ये घेऊन जा. थांब, माझी प्रत कोणीतरी नेलीय, अजून परत आलेली नाही.

प्रशांत: आजी, माझ्याकडे आहे. कुंतीपर्यंत पोचलोय.