कॅलरी सोडा, आधी मीठ बघा

कुणीतरी लिहिलंय की पाकिटावर ‘३०० कॅलरी’ छापलंय, म्हणजे फ्रोझन पेपरोनी (मसालेदार सॉसेजच्या चकत्या घातलेला) पिझ्झा काही इतका वाईट नाही. अहो, तो आकडा एका सर्व्हिंगचा असतो, आणि सर्व्हिंग म्हणजे बहुतेक वेळा पिझ्झाचा चौथा किंवा पाचवा हिस्सा. तेवढ्यावर हात आवरणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय!

तुलना करायचीच तर १०० ग्रॅमचा रकाना बघा. ब्रँडप्रमाणे फरक पडतो, पण साधारण २५० ते २८० कॅलरी, १०-१२ ग्रॅम प्रथिनं आणि ६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. म्हणजे ४०० ग्रॅमचा अख्खा पिझ्झा संपवला की सोडियम २४०० मिलिग्रॅम, मिठाच्या हिशेबात ६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे. बाकी दिवसभराचं जेवण वेगळंच.

हे मीठ फक्त पेपरोनीतून येत नाही. चीज, सॉस, पिठाचा बेस, सगळीकडे थोडं थोडं असतं. त्यामुळे वरच्या चकत्या काढून टाकल्या तरी सोडियमचा प्रश्न सुटत नाही. संपृक्त चरबी मात्र थोडी कमी होते.

‘फ्रोझन म्हणून सत्त्व नाही’ हे मात्र पटत नाही. गोठवल्याने प्रथिनं किंवा कॅल्शियम कुठे पळून जात नाही. खरी अडचण पेपरोनी हे प्रक्रिया केलेलं मांस आहे ही. २०१५ साली आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, अशा मांसाला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. अर्थात तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही.