मुलींच्या हायस्कूल बास्केटबॉलचं सीडिंग: कोचेसच्या मतांवर की गणितावर?

स्कोअरबुक:
मुलीच्या हायस्कूल टीमचं स्कोअरबुक मी तीन सीझन लिहितेय. यंदा आमचे १४ विजय, १० पराभव. आमच्याकडे प्लेऑफचं सीडिंग, म्हणजे टीम्सना क्रम देऊन कोणाची गाठ कोणाशी हे ठरवणं, कोचेसच्या मतदानाने होतं. त्यात २०-४ वाली एक टीम आमच्या कितीतरी वर गेली आणि आम्हाला पहिल्याच फेरीत अव्वल टीमच्या घरच्या कोर्टवर जावं लागलं. त्या २०-४ वाल्या मुली मेहनती आहेत, त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण त्यांचे निम्म्याहून जास्त सामने अशा शाळांशी होते, ज्यांना टीम उभी करतानाच नाकी नऊ येतात. आमच्या कोचने मुद्दाम तगडे प्रतिस्पर्धी घेतले होते. हरून परत येताना बसमध्ये अकरावीतली एक मुलगी मला म्हणाली, "मग आपणही सोपे सामनेच घ्यायला हवे होते का?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

आरपीआय या प्रतिस्पर्ध्यांची ताकद धरणाऱ्या रेटिंगच्या सूत्राने हिशोब केला तर काय होतं बघा. त्यात स्वतःच्या विजयाच्या टक्केवारीला २५%, प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीला ५०% आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना २५% वजन असतं. त्या टीमचे आकडे ०.८३३, ०.४०० आणि ०.४८०; एकूण ०.५२८. आमचे ०.५८३, ०.६२० आणि ०.५४०, एकूण ०.५९१. म्हणजे आम्ही वर. माझं म्हणणं सरळ आहे: सीडिंग सूत्राने करा, आणि ते सूत्र सगळ्यांना माहीत असू द्या.

तिसरा_क्वार्टर:
ताई, तळमळ कळते, पण आरपीआय हे चुकीचं औषध आहे. त्यातला ७५% भाग तुमच्या मुलींच्या हातातच नाही. कमकुवत टीमला हरवलं तरी रेटिंग खाली जाऊ शकतं, कारण तिची टक्केवारी तुमच्या सरासरीत येऊन बसते. जिंकल्याबद्दल शिक्षा! आणि सगळ्यांना वेळापत्रक निवडता येतं कुठे? लहान गावातली शाळा आपल्या लीगमधल्या ठरलेल्या टीम्सशीच खेळते. मोठ्या शहरातली शाळा डिसेंबरात मोठ्या स्पर्धांना जाऊन येते आणि आकडे सुधारून घेते. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना असलेल्या एनसीएएने १९८१ पासून आरपीआय वापरला, पण पुरुषांसाठी २०१८-१९ मध्ये आणि महिलांसाठी २०२०-२१ मध्ये तो सोडून नेट नावाची पद्धत आणली. त्यांनी टाकलेलं आपण का उचलायचं?

स्कोअरबुक:
लहान गावाचा मुद्दा मान्य. पण मतदानात त्या शाळेचं काय होतं? तिला तर कोणी पाहिलेलंच नसतं. ज्या संध्याकाळी आपला सामना, त्याच संध्याकाळी बाकीच्यांचेही सामने. मग कोच मत कशावर देणार? शाळेचं नाव आणि मागच्या वर्षीचा दबदबा.

शिट्टी:
मी शालेय सामन्यांना रेफरी म्हणून उभा राहतो. सूत्राला माझा विरोध नाही, पण कोणतंही सूत्र जरा सुधारायला घेतलं की पुढची मागणी ठरलेली असते: किती गुणांनी जिंकलो तेही धरा. तिथे मी आडवा येणार.

मुलींच्या हायस्कूल बास्केटबॉलचा इतिहास आठवा. १९८२ मध्ये शेरिल मिलरने एका सामन्यात १०५ गुण केले, निकाल १७९-१५. १९९० मध्ये लिसा लेस्लीने पहिल्या हाफमध्येच १०१ गुण केले आणि समोरची टीम दुसऱ्या हाफला उतरलीच नाही. २००६ मध्ये एपिफनी प्रिन्सने ११३ केले. आणि २००९ चा डॅलसचा तो १००-० सामना. हरलेली शाळा शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांसाठीची होती. जिंकलेल्या शाळेने माफी मागितली आणि कोचला जावं लागलं. यातलं काहीही सीडिंगच्या सूत्रामुळे घडलं नव्हतं. उद्या प्रत्येक बास्केटला रँकिंगमध्ये भाव आला तर काय होईल याचा विचार करा.

४५ गुणांनी मागे असलेल्या मुली इनबाउंड करायला, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला उभ्या असतात आणि समोरची टीम तरीही फुल कोर्ट प्रेस (कोर्टभर अंगाला भिडून बचाव) लावून उभी असते. पास देणारीचे हात थरथरताना मी दोन फुटांवरून पाहिले आहेत. चेंडू आत टाकायचे पाच सेकंद मोजताना माझाच आवाज खाली येतो. बऱ्याच राज्यांत मोठी आघाडी झाली की घड्याळ न थांबवता चालू ठेवतात, ते याचसाठी.

चौरस_बेरीज:
शिट्टी, तुमच्या प्रतिसादाने पोटात कालवलं. तरीही एक सांगतो (माझं कामच आकडेवारीचं आहे): गुणांच्या फरकात माहिती असते. एका गुणाने जिंकणं आणि अठराने जिंकणं सारखं नाही. शालेय सीझनमध्ये जेमतेम वीस-पंचवीस सामने. त्यात फक्त हार-जीत धरली तर हाताशी फारच थोडं उरतं.

फरक अजिबात न धरणाऱ्या पद्धतीही आहेत. कोली पद्धतीत प्रत्येक टीम ०.५ वर सुरू होते. विजयात १ मिळवायचा, सामन्यांत २ मिळवायचे आणि भागायचं, म्हणजे एक सामना जिंकलेली टीम १००% न होता ०.६६७ होते. मग प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीनुसार सगळी समीकरणं एकदम सोडवायची. कॉलेज फुटबॉलमध्ये अंतिम सामन्याच्या टीम्स ठरवणाऱ्या बीसीएसने २००२ पासून संगणकी सूत्रांमधून गुणांचा फरक काढूनच टाकला होता, तोही याच भीतीने. बुद्धिबळातल्या एलो रेटिंगचंही तसंच. १६०० ची टीम १४०० च्या टीमला हरवेल ही अपेक्षा साधारण ७६%. के (एका सामन्याने रेटिंग जास्तीत जास्त किती हलेल तो आकडा) २० धरला तर जिंकून जेमतेम ५ गुण मिळतात, हरली तर १५ जातात. तिसरा_क्वार्टर, तुमची तक्रार एलोमध्ये मिटते: कमकुवत टीमला हरवल्याने रेटिंग कधीच खाली जात नाही.

माझं मत: फरक धरा, पण १५ वर कापा. १६ ने जिंका की ६० ने, हिशोबात १५ च.

शिट्टी:
१५ वर भिंत घातलीत तर दुसरं दुखणं सुरू होईल. १२ ने पुढे असलेला कोच शेवटच्या तीन मिनिटांत बेंचवरच्या मुलींना उतरवणारच नाही; त्याला ते उरलेले तीन गुण दिसत राहतील. हायस्कूलचा सामना ३२ मिनिटांचा. आठव्या-नवव्या खेळाडूच्या वाट्याला तीच तीन मिनिटं येतात, आणि तिचे आईवडील तेवढ्यासाठी काम सोडून आलेले असतात.

चौरस_बेरीज:
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग भिंत नको, उतार घेऊ. फरकात १ मिळवून त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. एका गुणाच्या विजयाला ०.६९, दहाच्या विजयाला २.४०, वीसच्या विजयाला ३.०४. दहाची आघाडी वीसवर नेऊन मिळतात ०.६५, म्हणजे एका गुणाने जिंकण्याच्या मोलापेक्षाही कमी. तेवढ्यासाठी कुठलाही शहाणा कोच मुख्य खेळाडूंचे गुडघे पणाला लावणार नाही.

माजी_पॉइंट_गार्ड:
गुडघ्यांचा विषय निघालाच आहे तर बोलते. एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि शाळेच्या टीममध्ये खऱ्या अर्थाने खेळणाऱ्या सात-आठ जणीच असतात. जानेवारीत माझा गुडघा गेला तेव्हा आमची टीम ११-२ होती. पुढचे बहुतेक सामने आम्ही हरलो. तुमचं सूत्र त्या टीमला दोन्हींची सरासरी काढून मधे कुठेतरी बसवणार, आणि तशी टीम प्रत्यक्षात कधीच नव्हती. याउलट डिसेंबरात जायबंदी झालेली मुलगी फेब्रुवारीत परत येते, त्या टीमला सूत्र खाली ठेवतं आणि तिच्याशी पहिल्या फेरीत गाठ पडलेल्यांवर अन्याय होतो. ज्या कोचने या टीम्स पाहिल्यात त्याला हे कळतं. मी मतदानाच्या बाजूने आहे, त्यात हेवेदावे असतात हे माहीत असूनही.

तिसरा_क्वार्टर:
+१. शिवाय ज्या लीग आपसातच खेळतात, त्यांना इतरांशी जोडणारे सामने दोन-तीनच असतात. त्या दोन-तीन निकालांवर अख्ख्या लीगचं रेटिंग वर-खाली होतं. एलो घ्या नाहीतर कोली, हा प्रश्न सुटत नाही.

चौरस_बेरीज:
सुटत नाही, बरोबर. त्यावर उपाय वेळापत्रकातच आहे: डिसेंबरात प्रत्येक लीगने बाहेरच्या लीगशी ठरावीक सामने खेळायचे. दुखापतीसाठी अलीकडच्या सामन्यांना जास्त वजन देता येतं, पण खेळाडू गेल्यानंतर पाचच सामने झाले असतील तर त्यावरून ठामपणे काही सांगता येणार नाही. तिथे माजी_पॉइंट_गार्ड यांचं म्हणणं मला मोडता येत नाही.

स्कोअरबुक:
आरपीआय मी मागे घेते. तिसरा_क्वार्टर यांनी पटवलं. सूत्राचा आग्रह मात्र सोडत नाही. मॅसॅच्युसेट्सने २०२१-२२ पासून राज्यस्पर्धेचं सीडिंग पॉवर रेटिंग या सूत्रावर नेलं, म्हणजे हे शालेय पातळीवर चालवता येतं. सीझन संपला की लीगची बैठक असते. तिथे चौरस_बेरीज यांचा उतार मांडेन, आणि सूत्र पहिल्या सामन्याच्या आधी जाहीर व्हावं अशी मागणी करेन. कोचेसना सूत्राच्या यादीत एखाद्या टीमला फार तर दोन जागा वर-खाली करता याव्यात, तेही दुखापतीच्याच कारणाने आणि कारण लेखी देऊन. माजी_पॉइंट_गार्ड, दोन जागा पुरतील का?

माजी_पॉइंट_गार्ड:
आमच्या त्या वर्षी पुरल्या नसत्या. तीन करा, आणि कोचला स्वतःच्या टीमसाठी अर्ज करू देऊ नका.