व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे विश्वस्तांचा ठराव होतो का?

खोपटकर: सर्वांना सलाम. ठाण्यातल्या आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हॉल पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका क्लासवाल्याला द्यायचं ठरलं. सभा झालीच नाही. ग्रुपवर कराराचा फोटो आला, सातपैकी चार विश्वस्तांनी रात्रीत अंगठे पाठवले आणि सकाळी सेक्रेटरींनी "ठराव मंजूर" लिहिलं. एका विश्वस्त बाईंनी भाड्याबद्दल विचारलं होतं, त्यांना कोणी उत्तर दिलं नाही. नोटीस, विषयपत्रिका, गणपूर्ती (कोरम) आणि इतिवृत्त याशिवाय मालमत्तेचा निर्णय होताच कामा नये. शिवाय इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तिथे स्क्रीनशॉट दाखवणार का?

घोडबंदर_रोड: परवानगी घ्यायलाच हवी, त्यात वाद नाही. पण सभेचा एवढा हट्ट पटत नाही. आमचे दोन विश्वस्त शिफ्टमध्ये, एक सीएसएमटीहून नऊला घरी पोचतात. मे महिन्यात वेदीवरचे पत्रे फुटल्याचं कळलं. गणपूर्तीअभावी सभा दोनदा तहकूब झाली आणि पहिल्याच पावसात हार्मोनियम भिजली. शेवटी फोनवर विचारूनच ताडपत्री घातली.

खोपटकर: ताडपत्रीला कोण अडवतंय? मी हॉलबद्दल बोलतोय. पाच वर्षं तिथे ना संडेस्कूल, ना गरिबाघरचं लग्न.

जुना_सेक्रेटरी: आधी तुमच्या ट्रस्टची घटना, म्हणजे नियमावली, काढा. न्यासपत्रात (ट्रस्ट डीडमध्ये) वेगळं लिहिलं नसेल तर सर्व विश्वस्तांनी मिळून निर्णय घ्यावा, असं १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याचं कलम ४८ सांगतं. तो कायदा खासगी न्यासांचा, पण तत्त्व सार्वजनिक न्यासांनाही लावतात. बहुमताची तरतूद नसेल तर चौघांचं मत पुरत नाही, मग ते सभेत दिलेलं असो की फोनवर.

कळव्याची_ताई: बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, १५ वा अध्याय वाचा. यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, हा वाद अंत्युखियात पेटला, तरी निर्णय यरुशलेमेत सगळे जमल्यावरच झाला. पुष्कळ वादविवाद झाला, पेत्र बोलला, पौल-बर्णबाचं ऐकून घेतलं, मग याकोबाने निकाल दिला. आणि तो लेखी पत्राने कळवला. आपल्याला याहून घाई कसली?

घोडबंदर_रोड: ताई, वचन मान्य. पण आपल्या सभांत दोघं मोठ्या आवाजात बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. ग्रुपवर त्या बाईंचा प्रश्न निदान लेखी राहिला. इतिवृत्तात तो आला असता याची खात्री कोण देणार?

खोपटकर: खरी दुखरी जागा हीच आहे. म्हणूनच विरोधी मत नावानिशी नोंदवायचं आणि पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून मगच कायम करायचं. त्या बाईंना समोरासमोर उत्तर मिळायला हवं होतं. भाडं कमी का, याचा जाब मंडळी सातही जणांना विचारणार, त्यांनाही.

घोडबंदर_रोड: ऑनलाइन सभा घ्या, मी पाठिंबा देईन. तातडीच्या खर्चाची मर्यादा मात्र वार्षिक सभेने ठरवावी, विश्वस्तांनी स्वतः नाही. पण क्लासवाल्याने डिपॉझिट भरलंय. आता शब्द फिरवला तर मंडळीचं नाव खराब होईल.

जुना_सेक्रेटरी: डिपॉझिट परत करता येतं. परवानगीशिवाय केलेला पाच वर्षांचा भाडेपट्टा मात्र वैधच नाही. क्लास जूनमध्ये सुरू होण्याआधी त्याला हे सांगा.