मदत हवी आहे: एम्बेडिंग मॉडेल (मजकुराचे अर्थानुसार आकडे करणारं) बदलताना सर्च चालू कसा ठेवायचा?

मंडळी, खानापुरात जमिनीच्या मराठी-कन्नड कागदपत्रांवर प्रश्न विचारायला ओलामा (मॉडेल आपल्याच मशीनवर चालवणारं) आणि क्वाड्रंट (ते आकडे साठवून शोधणारा डेटाबेस) डॉकर कंपोझवर, म्हणजे वेगवेगळ्या कंटेनरांत, चालवतोय. नॉमिकच्या एम्बेडिंग मॉडेलला कन्नड उतारे नीट सापडेनात म्हणून बीजीई-एम३ हे दुसरं मॉडेल घेतलं, तर 'एक्स्पेक्टेड डिम ७६८, गॉट १०२४' असा एरर, म्हणजे जुनं मॉडेल एका उताऱ्याचे ७६८ आकडे देतं, नवं १०२४. तो बरोबरच आहे, म्हणून क्वाड्रंटमध्ये १०२४ चं वेगळं कलेक्शन (साठा) भरलं, कर्ल कमांडनं एलियस (ॲप ज्या नावानं कलेक्शन शोधतं ते टोपणनाव) नव्याकडं फिरवून बघितला, तो लगेच फिरतो पण प्रश्नाचं एम्बेडिंग करणारं मॉडेल डॉट-ईएनव्ही या सेटिंगच्या फाइलीत आहे, ते बदललं की ॲपचा कंटेनर परत उठवावा लागतो आणि तेवढ्यात आलेले प्रश्न फेल जातात. दिवसभर लोक समोर बसलेले असतात, रात्री करावं तर लाईटचा भरवसा नाही. जीपीयू नाही, रॅम १६ जीबी, हाताशी फक्त एसएसएच (दुरून कमांड देणं). एलियस आणि मॉडेल एकदमच बदलेल असं कमांड लाईनवरनं करता येतं का, की दुसरा ॲप कंटेनर उभा करून एन्जिनएक्सनं (येणारे प्रश्न हव्या त्या कंटेनरकडं पाठवणारा सर्व्हर) तिकडं वळवायचं?